पथारीची तीट

“पथारी थांबाडी दिधी त्यासनी,” नात म्हणाली. लॅपटॉप मांडीवरून खाली ठेवला आणि भिंतीकडे बघत बसली. सकाळची वेळ होती. तिच्या चहावर साय धरली होती. मी विचारलं, “कोनी?” चुलीपुढे तिची आई, माझी सून, भाकरी थापत होती, तिचा हात थांबला.

नातीने निरोप वाचून दाखवला. इंग्रजी होता, ती मराठी करून सांगत होती. तुमच्या थीममुळे लोकांच्या स्क्रीन खराब होत आहेत. बऱ्याच देशांतून तक्रारी आल्या आहेत. तुर्कस्तानातल्या एका निवृत्त गृहस्थाने आपली स्क्रीन खोलून बघितली, ती आता लागतच नाही. म्हणून तुमची थीम थांबवली आहे. आज संध्याकाळपर्यंत दोष सापडून दुरुस्त झाला नाही, तर नव्या आवृत्तीत ती घेता येणार नाही.

हे सगळं काय असतं ते सांगते. मला समजायला वेळ लागला होता, दुसऱ्या कुणाला लागू नये.

कॉम्प्युटर चालायला आत एक मोठा प्रोग्राम लागतो. तो विकत मिळतो तसा फुकटही मिळतो. फुकटचा जगभरातल्या लोकांनी मिळून लिहिला आहे. कुणीही उघडून बघावा, हवा तसा बदलावा. नातीचा लॅपटॉप जुना, विकतचा प्रोग्राम त्यावर रांगत चालायचा, म्हणून तिने फुकटचा घातला. या प्रोग्रामला वरून कपडे चढवता येतात. रंग, चौकटी, चित्रं, अक्षरं, सगळं वेगळं करता येतं. त्याला थीम म्हणतात. लोक घरी बसून थीम करतात आणि एका साइटवर ठेवून देतात. ज्याला आवडेल त्याने घ्यावी.

मी तिला तेव्हा विचारलं होतं, “मंग त्यासले काय भेटस?”

“काहीच नही.”

“मंग कसाले करतस?”

“तू लोकेसना घर पापड लाटाले कसाले जास?”

मी जाते, कारण माझे पापड लाटायला बायका येतात. उन्हाळ्यात आज हिच्या ओट्यावर, उद्या तिच्या. कुणी मजुरी मागत नाही, फक्त दुसरीचा पापड जाड झाला तर सांगितल्याशिवाय राहत नाही. नात म्हणाली, तिकडेही अगदी तसंच आहे, जाड पापडाला नावं ठेवण्यासकट. तेव्हापासून मला ते लोक परके वाटले नाहीत.

तिने केलेल्या थीमचं नाव पथारी. आमच्या नंदुरबारला मिरचीच्या हंगामात ओली मिरची मोकळ्या रानात पसरून वाळवतात, त्या जागेला पथारी म्हणतात. आमच्या कोरीट गावाहून बसने शहरात जाताना आधी नाकाला कळतं, मग डोळ्यांना दिसतं. जमीन लाल, पार लांबपर्यंत लाल, आणि सगळी बस शिंकते. नातीने तो लाल रंग उचलला. चौकटी लाल, मागे मातीचा रंग. फोल्डरच्या जागी टोपल्या. काम चालू असताना थांबायची खूण म्हणून फिरणारं जातं. नको ते टाकायच्या डब्याच्या जागी मिरचीच्या देठांचा ढीग. मी म्हटलं, टोपलीत ओली मिरची दाबून भरलीस, बुरशी लागेल. ती म्हणाली, माझ्या टोपलीत लागत नाही.

तिचं दिवसाचं काम नंदुरबारला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायचं. घरी आल्यावर थीम. सबंध पावसाळा त्यात गेला. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, तिला म्हणायचा, “फुकटना धंदा.” चुलत भाऊ पुण्यात मोठ्या कंपन्यांत आहेत, दिवाळीला आले की तेच बोलतात आणि बाकीचे ऐकतात. ही पोळी वाढते.

त्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघणार होती. साइटची देखरेख करणारा एक माणूस आहे, पोलंडमध्ये राहतो. लोकांच्या थीमांतून पाच निवडायच्या आणि नव्या आवृत्तीत आतच घालून द्यायच्या, असं त्यांनी ठरवलं होतं. पाचांत पथारी होती. म्हणजे शोधायला नको, उतरवून घ्यायला नको. जगात कुठेही कुणी तो प्रोग्राम घातला की त्याच्या घरी पथारी असणार. नातीला एवढंच हवं होतं, आपण केलेली वस्तू अनोळखी माणसाच्या घरात जाऊन बसावी. पैशाचं तिने कधी काढलं नाही. निवड झाली त्या दिवशी तिने पेढे आणले आणि बापाच्या हातावर दोन ठेवले. त्याने खाल्ले. वर तिसरा मागितला.

आणि आता सकाळी हा निरोप.

क्लासला तिने सुटी टाकली आणि दुपारपर्यंत दोष शोधला. रंग बदलून बघितले. जातं काढून बघितलं. पुन्हा पुन्हा म्हणत होती, “थीमघाई स्क्रीन खराब व्हतच नही, आजी. कपडासघाई कोनं हाड मोडस का?” सून म्हणाली, “मिरचीनी आग लागनी व्हई.” नातीने तिच्याकडे असं बघितलं की सून उठून भांडी घासायला गेली.

मग लाइट गेली. घरातलं नेट लाइटीवर चालतं. मोबाइलची रेंज आमच्याकडे धाब्यावर, घराच्या सपाट छतावरच नीट येते, म्हणून आम्ही तिघी वर धाब्यावर गेलो. वर घरची मिरची वाळत होती. उन्हात लॅपटॉपवर काही दिसेना. मी छत्री उघडून नातीच्या डोक्यावर धरली. शेजारची बाई आपल्या धाब्यावरून ओरडली, “काय वं, पाऊस उना का?” मी म्हटलं, “तुन्हाकडे नही उना? आमनाकडे उना.”

तेवढ्यात पोलंडवाल्याने फोटो पाठवला. तुर्कस्तानच्या त्या गृहस्थाने स्क्रीन खोलायच्या आधी काढलेला. तक्रार नेमकी काय, ते दाखवायला त्याने फोटोवर एक मोठा गोल काढला होता. गोलात, स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली, एक बारीक काळा ठिपका. त्याने लिहिलं होतं, हा ठिपका कॉम्प्युटर चालू करताना दिसतो, नंतरही तिथेच दिसतो. ओल्या फडक्याने पुसला, गेला नाही. नखाने खरवडला, गेला नाही. मग पेचकस घेतला.

बाकीच्यांच्या तक्रारीही तशाच होत्या. कुणी दुकानात स्क्रीन बदलून मागितली होती. दुकानदाराने आपल्या कॉम्प्युटरला लावून बघितली तेव्हा ठिपका नव्हता, आणि घरी आल्यावर परत होता.

नातीने फोटो मोठा केला. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं.

“आजी.”

“काय?”

“हाई तुन्ही तीट शे.”

होतीच. मीच लावायला लावली होती. थीम पुरी झाली तेव्हा तिने आम्हाला दाखवली, आणि मी म्हटलं, इतकं चांगलं झालं आहे, नजर लागेल, तीट लाव. ती म्हणाली, कॉम्प्युटरले? मी म्हटलं, “तुन्हा बापनी ट्रॅक्टरले काई बाहुली बांधेल शे. ट्रॅक्टर चार गावना लोके देखतस. हाई तर सारं जग देखी.” मी उठेना, जेवेना, तेव्हा तिने कोपऱ्यात एक काळा ठिपका दिला आणि म्हणाली, घे, लागली, आता जेव. नंतर ती विसरून गेली. आपल्या घरच्या बाळाच्या गालावरची तीट आपल्याला कुठे दिसते. नुसतं बाळ दिसतं.

सून आधी हसली. हसता हसता खाली बसली ती मिरचीवरच. मग नात हसली. सकाळपासून पहिल्यांदा. मी छत्री धरून उभी होते, मला पोट धरता येईना.

हसून झाल्यावर नातीने ठिपका पुसायला घेतला. मी म्हटलं, काढ, लोकांच्या स्क्रीन फुटताहेत. ती म्हणाली, नुसता काढून चालणार नाही, कशाला लावला ते सगळ्यांपुढे लिहावं लागेल. मी म्हटलं, मग खरं आहे ते लिही. तिने पुसायचं थांबवून आधी तेच लिहिलं. माझ्या आजीने लावायला सांगितला. हा दोष नाही, दोष येऊ नये म्हणून आहे. आमच्याकडे लहान मुलांना, नवरीला, नव्या वाहनाला असा काळा ठिपका किंवा काही काळं लावतात, म्हणजे बघणाऱ्याची नजर लागत नाही. ज्यांना त्रास झाला त्यांची माफी मागते.

आम्ही वाट बघत बसलो. लॅपटॉपची बॅटरी उतरत होती, उन्हाने मान भाजत होती.

पहिलं उत्तर तुर्कस्तानच्या बाबाचं आलं. नात वाचायला लागली आणि आवाज चढत गेला. बाबाने लिहिलं होतं, आमच्याकडे याच कामाला निळा मणी असतो. दाराला असतो, मोटारीला असतो, बाळाच्या अंगरख्याला असतो. मी ज्या स्क्रीनला पेचकस लावला, तिच्या वर भिंतीवर एक टांगलेला आहे. मला कळायला हवं होतं. स्क्रीनचं वाईट वाटून घेऊ नका, मुलगा कधीचा नवी घ्या म्हणत होता.

“निया?” मी म्हटलं. “काया नही भेटना का त्यासले?”

काळा मिळाला नाही का, हेही नातीने लिहून टाकलं. मी तसं सांगितलं नव्हतं. बाबाने उत्तर दिलं, आमच्याकडे निळ्या डोळ्यांची नजर लागते, म्हणून मणी निळा. मला ते पटलं. आमच्याकडे तसे डोळेच कुठे आहेत.

मग एकामागून एक लोक लिहायला लागले. ठिपका राहू द्या. आमच्याकडे लाल दोरा बांधतात. आमची आजी थुंकल्यासारखं करायची. दुकानात गेलेल्या माणसाने लिहिलं, दुकानदाराला जाऊन सांगितलं, तो अजून हसतोय. सून विचारत होती, “काय म्हनतस? आते काय म्हनतस?” आणि नात एक वाचेपर्यंत दुसरं येत होतं.

पोलंडवाला मात्र हसला नाही. त्याचं बरोबर होतं. त्याने लिहिलं, गोष्ट छान आहे, पण दोषासारखी दिसणारी कुठलीही वस्तू नव्या आवृत्तीत घेता येत नाही. ज्याने ही चर्चा वाचली नाही तो पुन्हा पेचकस घेईल. एक तर ठिपका काढा, नाहीतर त्याला बटण करा. आधी बंद असेल, ज्याला हवा तो चालू करेल. वेळ संध्याकाळपर्यंतच आहे.

नातीचा चेहरा पडला. तसं बटण तिला करता येत नव्हतं. ती म्हणाली, काढून टाकते, पथारी तर राहील. हात पुढे नेला. तेवढ्यात केरळातल्या एका बाईचा निरोप आला. पावसाळाभर अक्षरांच्या कामात तिने हिला मदत केली होती. तिने लिहिलं, काढू नको, बटण मी करते, तू जेवून घे.

नात जेवली नाही, पण सुनेने तिथेच भाकरी आणि ठेचा आणून भरवला. भरवता भरवता म्हणाली, “बाळंतीणले भरवाडतस तशी बठेल शे.”

मला एक गोष्ट पटत नव्हती, ती मी सांगितली. आधी बंद म्हणजे काय? लेकरू तीट न लावता बाहेर काढायचं आणि कुणी मागितली तर लावायची? मग उपयोग काय? नात म्हणाली, “आजी, तू आते पोलंडवाला संगे भांडशी का?” मी म्हटलं, भांडत नाही, विचारते. बंद नको, चालूही नको. पहिल्यांदा उघडताना त्या माणसालाच विचारा, तीट लावू का. आपण लावली तर त्याला दोष वाटतो. त्याने स्वतः लावली तर कोण पेचकस घेईल?

तिने ते लिहिलं. मग पोलंडवाल्याने एका ओळीत लिहिलं, चालेल, हे बटणापेक्षा बरं आहे.

केरळच्या बाईने काम पाठवलं. ते बाबाने मुलाच्या कॉम्प्युटरवर घालून बघितलं आणि कळवलं, विचारतंय, हो म्हटलं की लागतं, नाही म्हटलं की लागत नाही. नातीने सगळं जोडून पाठवलं. ऊन कलून माझी छत्री कधीच बिनकामाची झाली होती, पण ती मी तशीच धरून बसले होते. सुनेने हातातून काढून घेतली तेव्हा बोटं उघडेनात. पोलंडवाल्याचं “मिळालं” असं उत्तर आलं आणि लगेच लॅपटॉप बंद पडला. खाली लाइट आलेली होती. आमच्यातल्या कुणाला पत्ता नव्हता.

रात्री जेवताना मुलाने विचारलं, दिवसभर धाब्यावर काय चाललं होतं, गाव विचारतं आहे. सुनेने त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “म्हनजे तुर्कस्तानमा मन्ही मायनी एक स्क्रीन फोडी.” मी म्हटलं, मी नाही फोडली, त्याने खोलली. तो हसला आणि नातीला म्हणाला, उद्या मला दाखव ते काय आहे, माझ्या मोबाइलवर बसतं का. बसत नाही. मग त्याने क्लासमधला जुना कॉम्प्युटर नीट करून घरी आणायला लावला. पहिल्यांदा उघडला आणि ‘तीट लावू का’ असं आलं, तेव्हा त्याने विचारलं, “मी दाबू?” आणि ‘हो’वर दाबलं.

नवी आवृत्ती हिवाळा संपताना निघाली. निवडलेल्या पाचांतली एक थीम ती करणाऱ्यानेच मागे घेतली होती. बाकीच्या चार आल्या. त्यांत पथारी आहे, आणि तिच्या खाली माझ्या नातीचं, केरळच्या बाईचं आणि तुर्कस्तानच्या बाबाचं नाव आहे.