भरलेली कास

मंडळी, आज सकाळी तेल्हाऱ्याच्या बाजारात पहिल्या वेताची दुभती बकरी घ्याले गेली होती मी. एकीची कास तट्ट भरलेली होती. बाजूला तिच्या दोन पिल्लांची तोंडं सुतळीनं बांधलेली.

“भाऊ, तोंडं काहून बांधली?”

“कालपासून पाजलंच नाही, ताई. कास भरलेली दिसली तरच तुमी हात लावता.”

मी हात लावला. कास दगडासारखी अन् गरम. सड पिळला तशी बकरी खालीच बसली. दुधात रक्त आलं.

“सोडा न बाप्पा त्या पिल्लांले!”

“घेऊन टाका, मंग सोडतो.”

खराब कासेची बकरी कोण घेईल? मी पुढं गेली अन् दुसऱ्याजवळून चांगल्या भरल्या कासेची बकरी आणली. तिची पिल्लं कुठी होती, हे मी विचारलंच नाही.

तुमी विचारता का?