दामल्यांचा एकमेव नवस

त्या मंगळवारी मी लखनौच्या अमीनाबादहून पडद्यांचं कापड घेऊन येत होते. दिवाळी तोंडावर, बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. ई-रिक्षात माझ्या मांडीवर कापडाचा गठ्ठा आणि शेजारच्या बाईंच्या मांडीवर नवी कोरी कढई. कढईचा कान माझ्या कोपराला टोचत होता. तेवढ्यात मुक्ताचा, माझ्या मुलीचा, नोएडाहून फोन आला.

"आई, रेफरल आ गया! मुलगी आहे. दोन वर्षांची. फोटो भेजा है, देख ना!"

मुक्ता आणि तिचा नवरा दत्तक मुलासाठी यादीत नाव घालून तीन वर्षं थांबले होते, आणि आता संस्थेकडून मूल सुचवलं गेलं होतं. मी फोटो उघडला. कढईवाल्या बाईंनीही मान वाकडी करून पाहिला. "अरे वाह, कैसे घूर रही है!" त्या कौतुकानं म्हणाल्या. रिक्षावाला मागे वळला. "अम्मा जी, खुशखबरी है?"

"है. आप पहले सामने देखिए!"

घरी येऊन कापड पलंगावर टाकलं आणि मग माझ्या लक्षात आलं. दिवाळीला अजून नऊ दिवस होते. म्हणजे यांचा नवस पूर्ण झाला होता.

हे म्हणजे माझे यजमान, दामले. त्यांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. देवाच्या प्रत्येक कृपेला जन्मभर 'योगायोग' म्हणणाऱ्या या माणसानं शेवटच्या आजारात एकच नवस बोलला होता. मुक्ताचं मूल दिवाळीच्या आत ठरलं तर अमुक एक गोष्ट करीन, असा. साक्षीदार मी. आणि आमच्या आरतीच्या मंडळाच्या नियमाप्रमाणे बोलणारा नसेल तर नवस साक्षीदारानं फेडायचा.

नवसाला साक्षीदार हा काय प्रकार, ते सांगायला हवं. पण ते सांगायला बसलं की एका किश्शाला दुसरा चिकटून येतो. आमच्या मंडळात देव एका फोटोत मावेल एवढा आहे. त्याचे किस्से मात्र कपाटात मावणार नाहीत.

*

मानक नगरच्या रेल्वे कॉलनीत आम्ही पाच-सहा मराठी घरं. पुरुष बहुतेक इंजिनिअर, डबे आणि रूळ तपासणारे. मंगळवार गणपतीचाही आणि इथल्या हनुमानजींचाही, म्हणून दर मंगळवारी एकेका घरी आरती. आरती दहा मिनिटं, खिचडी वीस मिनिटं, आणि 'देव की योगायोग' यावर वाद दीड तास.

साक्षीदाराची भानगड देशपांड्यांमुळे सुरू झाली. त्यांच्या आईचं नागपुरात ऑपरेशन होतं. देशपांड्यांनी मारुतीला नवस बोलला, आई खडखडीत बरी झाली. फेडायची वेळ आली तेव्हा यांना आठवेना, कुठल्या मारुतीला बोललो होतो! लखनौत चौकाचौकात हनुमानजी. आलमबागचा, अलीगंजचा की कॉलनीच्या गेटवरचा?

शेवटी स्कूटरला लाडवांची पिशवी अडकवून देशपांडे एका सकाळी सात मारुतींना जाऊन आले. संध्याकाळी येऊन सांगतात कसे, "ज्याचा होता त्याला पोचला. बाकी सहा जणांकडे अ‍ॅडव्हान्स!"

हे म्हणाले, "ऑफिसात एक स्प्रिंग तपासायची तरी साक्षीदाराची सही लागते. नवसालाच सूट कशी काय?"

हे थट्टेनं म्हणाले होते. मंडळानं ते मनावर घेतलं! तेव्हापासून नियम असा, की नवस बोलताना एक साक्षीदार हवा. त्यानं नवस गुप्त ठेवायचा आणि पूर्ण झाला की आठवण करून द्यायची.

*

गंमत अशी की सगळे साक्षीदार म्हणून यांनाच निवडायचे. आमच्या वरच्या मजल्यावरच्या नलूताई, मंडळातल्या सर्वांत मोठ्या, त्यांनी कारण सांगितलं होतं. "बाकीचे सगळे देवाच्या बाजूचे. दामले कुणाच्याच बाजूचे नाहीत. साक्षीदार असा हवा!"

यांनी ते काम फार चोख केलं. जिन्यात भेटले की हळूच सांगायचे, "देशपांडे, पेढे ड्यू झालेत तुमचे."

"अहो, तुमचा तर विश्वास नाही!"

"माझा नसेल. शब्द तुमचा आहे ना?"

*

देशपांडे रेल्वेचं फाटक बंद दिसलं की स्कूटरवर रामनाम सुरू करतात. एकदा हे त्यांच्या मागे बसले होते. देशपांडे म्हणाले, "बघा हं, एकशेआठ पूर्ण व्हायच्या आत उघडतं. नेहमी!"

"फाटक गाडी गेली की उघडतं, देशपांडे. आपण दोघंही रेल्वेत आहोत. आज नाव घेऊ नका, बघू उघडतं का."

देशपांड्यांनी मागे पाहिलं. ट्रॅक्टर, शाळेची बस, दोन टेम्पो, एक वरात.

"आणि नाही उघडलं तर? एवढ्या लोकांची जबाबदारी तुम्ही घेता?"

रामनाम पूर्ण झालं. फाटक उघडलं.

*

एका उन्हाळ्यात लाइट फार जायचे. यांनी प्रयोगच लावला. सम तारखेला वीज गेली की हात जोडून, डोळे मिटून मनापासून प्रार्थना करायची. विषम तारखेला काही करायचं नाही. वीज किती वेळानं आली ते दोन्ही वेळा वहीत टिपायचं. दोन महिने हा माणूस घामाघूम होऊन हे करत होता. मी वारा घालायला गेले तर म्हणे, "थांब, आज प्रार्थनेचा दिवस आहे!"

मग एका मंगळवारी आरतीनंतर आलेखासकट निष्कर्ष सांगितला. सम काय, विषम काय, वीज सारख्याच वेळात येते. सबब, प्रार्थनेचा परिणाम शून्य.

नलूताई मटार सोलत ऐकत होत्या. "विषम तारखांना कोण प्रार्थना करत होतं, माहितीये?"

"कोण?"

"मी! तुमच्याच डोक्यावर राहते, लाइन एकच आहे आपली. तुम्ही एक दिवसाआड करताय हे तुमच्या सुधानं सांगितलं मला. म्हटलं, मधले दिवस आपण धरू."

यांनी आलेखाची घडी घातली. "नलूताई, तुम्ही माझा सगळा प्रयोग बिघडवलात."

"अहो, उकडत होतं!"

*

पाटलांना पुण्याला बदली हवी होती. म्हातारे आईवडील तिकडे. त्यांनी यांना साक्षीदार ठेवून नवस बोलला. पंधरा दिवसांनी त्यांची बायको वर्षा आली. मुलगी अकरावीत, क्लास इथला, मैत्रिणी इथल्या. मुलगी तर मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देणारी. वर्षानंही यांनाच साक्षीदार ठेवून नवस बोलला, मला लखनौ सोडावं लागू नये!

चार महिने दोघांची गुपितं या माणसाच्या पोटात. मलासुद्धा कळू दिलं नाही. फक्त पाटील जोडपं जेवायला आलं की उगीच हसायचे.

मग ऑर्डर निघाली. पाटलांची पुण्याला बदली. मुलीच्या बारावीच्या परीक्षेपर्यंत क्वार्टर ठेवायला परवानगी, म्हणजे वर्षा लखनौतच. हे सरळ दोघांसमोर जाऊन उभे राहिले. "दोघांचेही ड्यू झाले."

पाटील उसळले. "तू माझ्याविरुद्ध नवस बोललीस?"

"तुमच्याविरुद्ध नाही हो, पुण्याविरुद्ध!"

घरी आल्यावर मी म्हटलं, "आता तरी म्हणा, देव आहे म्हणून." हे म्हणाले, "योगायोग आहे. पण अर्ज दोन, मंजुऱ्या दोन. आमच्या ऑफिसपेक्षा कारभार बरा चाललाय."

*

हे आजारी पडले तेव्हा मंडळातल्या प्रत्येकानं काही ना काही नवस बोलला होता. ते मला नंतर कळलं. हे गेले आणि कुणी त्याचा उल्लेख केला नाही. पूर्ण न झालेला नवस कुणी काढून दाखवत नाही.

ज्येष्ठातल्या बड्या मंगळला सगळं लखनौ रस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-सब्जी वाटतं. त्या दिवशी मी सकाळी खाली उतरले तर कॉलनीच्या गेटपाशी नलूताई! पदर खोचून, हातात झारा, समोर ही भली मोठी कढई. सरबताच्या घागरी. बाजूला देशपांडे पुऱ्या लाटतायत आणि त्यांच्या पुऱ्या बघून हलवाई कपाळाला हात लावतोय.

"हे कशाबद्दल, नलूताई?" मी विचारलं.

"बोलले होते मी. दामल्यांसाठी. पाटील साक्षीदार होता, पुण्याहून फोनवर."

"पण ते तर..."

त्यांनी झारा खाली ठेवला नाही. पुरी उलटली. "प्रयत्न केला असेल गं देवानं. कधीकधी नाही जमत. आपलं तरी सगळं जमतं का?"

मग द्रोण माझ्या हातात दिला. "गरम आहे तोवर खा. आणि हा देशपांडे लाटतो त्या नको घेऊस, नकाशे आहेत ते."

मी दोन पुऱ्या खाल्ल्या. मग पदर खोचून वाढायला उभी राहिले. दुपारपर्यंत वाढत होते.

*

तर त्या मंगळवारी, रेफरलच्या मंगळवारी, आरती देशपांड्यांकडे होती. मी फोटो दाखवला. एकच गिल्ला झाला. वर्षानं फोटोची दृष्ट काढली. पाटलांना व्हिडिओ कॉल लावला. नलूताईंनी फोन चष्म्याला टेकवून बघितला आणि म्हणाल्या, "ही प्रश्न विचारणार. आजोबांसारखीच."

"दामल्यांचा नवस होता ना?" देशपांड्यांनी विचारलं. "काय बोलले होते?"

"साक्षीदार सांगत नाही," मी म्हटलं.

"पण वहिनी, आता कबूल करा. पावला की नाही? आज योगायोग म्हणायला कोणी..." वर्षानं देशपांड्यांच्या ताटलीत आणखी खिचडी घातली.

*

आता नियम मोडून लिहिते.

इस्पितळात दुपारची वेळ होती. नाकाला ऑक्सिजनची नळी, तरी डोळे मिश्कील. मी धीर करून म्हटलं, "मी एक नवस बोलतेय. तुम्ही बरे झालात तर..."

"साक्षीदार कोण?"

"तुम्ही."

"ज्याचा फायदा तो साक्षीदार होऊ शकत नाही. दुसरा आण."

खोलीत दुसरं कुणी नव्हतं. माझा नवस तसाच राहिला.

थोड्या वेळानं हेच म्हणाले, "माझा घे. मुक्ताचं मूल दिवाळीच्या आत ठरलं तर."

"दिवाळीच का?"

"यादीचा वेग बघून गणित काढलंय मी. अजून दीड वर्ष तरी लागेल. दिवाळीच्या आत आलं, तर मला योगायोग म्हणता येणार नाही."

"आणि आलं तर काय द्याल?"

सिस्टर सलाइन बदलायला आली. ती जाईपर्यंत हे छताकडे बघत होते.

"माफी मागेन."

"कुणाची?"

"त्याचीच. तीस वर्षं योगायोग म्हणालो त्याबद्दल. मंडळासमोर, आरतीनंतर, उभं राहून."

"आणि नाही आलं तर?"

"तर कुणावर रागवायचं नाही. यादी ती यादी." मग म्हणाले, "ऐकलंस ना नीट? सही कर." आणि तळहात पुढे केला. मी बोटानं त्यावर माझं नाव लिहिलं.

चौथ्या दिवशी हे गेले.

रेफरलनंतर दोन दिवसांनी मी मुक्ताला विचारलं, एवढ्या लवकर कसं गं आलं? ती म्हणाली, "आई, आम्ही प्रेफरन्स बदलली ना. पहले एक साल से छोटा बच्चा लिखा था. बाबा गए, उसके बाद आम्हाला दोघांनाही वाटलं, अब और वेट नहीं करना. चार साल तक कर दिया. मोठ्या मुलांची लिस्ट छोटी असते."

मी म्हटलं, "अच्छा." म्हणजे यांचं गणित चुकलं नव्हतं, यादीच बदलली होती.

पुढच्या मंगळवारी आरती माझ्याकडे होती. नवे पडदे लावले होते. आरती झाली, कापूर फिरला, आणि नेहमीसारखं कुणी खाली बसलं नाही. देशपांडे, वर्षा, नलूताई, सगळे, यांचा नवस कधी फेडते म्हणून, माझ्याकडे बघत उभे राहिले. मी स्वयंपाकघरात जाऊन खिचडी वाढायला घेतली.

यांच्या वतीनं माफी मागायची राहिली आहे.