वायरमनचा पक्षी

साऱ्या गल्लीचे दिवे लावणाऱ्या वायरमनच्या स्वतःच्या स्वयंपाकघरातला बल्ब मात्र कायम लुकलुकत असायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं त्याची बायको येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. पण टीव्हीमागचा नवा प्लग पॉइंट त्याने कुणी न सांगता, आल्या पावली बसवून दिला. कारण त्या दिवशी घरात पहिला व्हिडिओ गेम आला होता.

तो पहिला म्हणजे अगदीच बिचारा. एका गिऱ्हाइकाने माळ्यावरून काढून दिलेला खोका, त्याला फिरवायच्या दोन खुंट्या. काळ्या पडद्यावर दोन पांढऱ्या पट्ट्या आणि मधे एक ठिपका. ठिपका इकडून तिकडे टोलवायचा, संपलं. आजच्या पोरांना दाखवला तर टीव्ही बिघडलाय म्हणतील. पण थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी त्या ठिपक्यापायी एकमेकांच्या झिंज्या उपटायची. वायरमन कामावरून आला की हत्यारांची पिशवी खांद्यावर तशीच ठेवून दारात उभा राहायचा आणि दोघांच्याही बाजूने ओरडायचा. खुंट्या दोनच होत्या, त्यामुळे त्याची जागा दारातच.

मग कॅसेटवाला आला. त्यात रंग होते, गाणं होतं, उड्या मारणारी माणसं होती. कॅसेट चालली नाही की बाहेर काढून तिच्यात फुंकायचं, हे शास्त्र पोरं कुठून शिकली देव जाणे, पण वायरमनही गंभीर चेहऱ्याने फुंकायचा. एके संध्याकाळी त्याने हौसेने रिमोट मागून घेतला आणि पहिल्याच खड्ड्यात माणूस घातला. मग दुसरा घातला. पोरांनी दुपारभर खपून जमवलेले सगळे जीव त्याने बघता बघता संपवले. पोरं गुणी, काही बोलली नाहीत. पण थोरल्याचा चेहरा असा पडला, की वायरमनला उगाच पाणी प्यायला उठावं लागलं.

दुसऱ्या दिवशी तो आपणहून दाराशीच उभा राहिला, तेव्हा धाकटीने त्याचा हात धरून त्याला सतरंजीवर दोघांच्या मधे बसवलं आणि तिसरा रिमोट हातात दिला. बटण अडकलेला जुना रिमोट.

"हा तुमचा, बाबा. आणि वर तो पक्षी उडतोय ना, तो पण तुमचा."

पडद्यावर मागच्या आभाळातून एक निळा पक्षी जायचा. डावीकडून यायचा, उजवीकडे नाहीसा व्हायचा, थोड्या वेळाने पुन्हा डावीकडून हजर. खाली कुणी मरो, कुणी जिंको, त्याला सोयरसुतक नव्हतं. रिमोटची वायर टीव्हीच्या स्टँडमागे नेऊन कापडाआड खोचलेली होती. यंत्राला रिमोट जोडायची तोंडं दोनच, आणि दोन्हींत पोरांचे रिमोट. वायरीचं एक टोक बघून दुसरं कुठे गेलं असेल हे ओळखण्यावर ज्याचं घर चालत होतं, त्या माणसाला या वायरीचं काय कौतुक! बसल्या क्षणी त्याला सगळं कळलं.

आणि तो बटणं दाबायला लागला. खरं बोलून दाखवलं तर पोरांना नाइलाजाने आपल्याला खेळात घ्यावं लागेल, आणि मग खेळाचा विचका. नाहीतर आपली रवानगी परत दारात. त्यापेक्षा पक्षी काय वाईट? पक्षी आला की तो खांदे वाकवून, ओठ चावून रिमोट उजवीकडे ढकलायचा, आणि धाकटी म्हणायची, काय उडवलात बाबा. जेवताना तो बायकोला सांगायचा की आज पक्षी अगदी वरून नेला. बायको त्याच्याकडे बघायची, पोरांकडे बघायची आणि मुकाट्याने वाढायची. घरभर अळीमिळी गुपचिळी.

पोरं वाढली, तसा गेमही वाढला. सीडीवाला आला तेव्हा थोरल्याला मिसरूड फुटलं होतं. या यंत्राला लक्षात ठेवण्यासाठी एक इवलंसं कार्ड होतं. आज अर्धवट सोडलेला खेळ उद्या तिथूनच पुढे. धडक बसली की रिमोट हातात थरथरायचा. थोरल्याचा रिमोट एकदा सहज हातात घेतला, तर वायरमनला शॉकच बसल्यासारखं वाटलं. माणसं इतकी खरी दिसायला लागली, की एकाच्या बुटाची नाडी सुटलेली त्याने ओळखली. त्याने एवढंच विचारलं, "यात पक्षी आहे का?"

पक्षी नव्हता. धाकटीने शोधून एक घिरट्या घालणारी घार काढून दिली. थोरला मात्र मान खाली घालून हसला. त्या वयात बापाची लाज वाटतेच, त्यात काही विशेष नाही.

खरी पंचाईत केली ती त्यानंतरच्या यंत्राने. थोरल्याने नोकरी लागल्यावर ते आणलं, आणि त्याच्या रिमोटला वायरच नव्हती. वायरमनने तो उलटापालटा करून पाहिला, बूड पाहिलं, तोंड पाहिलं. जोडलाय की नाही, हे कळायला काही मार्गच नाही. आजवर आपण खेळात नाही हे त्याला पक्कं ठाऊक असायचं, म्हणून तर तो निर्धास्त खेळायचा. आता चुकून खरोखर जोडलेला असला तर? पुन्हा खड्डा, पुन्हा थोरल्याचा तो चेहरा. डोळे चुरचुरतात म्हणून त्याने रिमोट खाली ठेवला आणि खुर्ची ओढून दाराशी बसला. डोळ्यांना काही धाड भरली नव्हती. सतरंजीवरची मधली जागा त्यानंतर रिकामीच राहिली, आणि त्याचं त्याला फार वाईट वाटलं.

पुढे थोरला परमुलखात गेला, धाकटी लग्न होऊन दुसऱ्या गावी. वायरमनचे गुडघे शिडीला नाही म्हणायला लागले. बायकोने जुनी यंत्रं भंगारात द्यायचा विषय काढला, की तो बहिरा व्हायचा. अधूनमधून खोके उतरवून तो कॅसेटा पुसायचा आणि कुणी बघत नाही असं पाहून एखादीत फुंकरही मारायचा.

मग एकदा धाकटी माहेरी आली ती नवं यंत्र घेऊन. पाटीएवढं चपटं, ना कॅसेट ना सीडी. तिकडून थोरलाही खेळणार होता. टीव्हीतून त्याचा आवाज येत होता. धाकटीने सतरंजी अंथरली, बापाला हात धरून बसवलं, हातात रिमोट दिला. आता इतक्या वर्षांनी आपल्याला कोण खेळात घेतंय, अशी त्याची खात्री होती. त्यामुळे तो जुन्या थाटात बटणं बडवत गप्पा मारू लागला. पडद्यावर तीन माणसं नदीकाठी उभी होती. दोघं टुणकन पलीकडे गेली. तिसरा पिवळ्या टोपीचा लठ्ठ्या भिंतीवर आपटला, गर्रकन वळला आणि पाण्यात पडला. परत अलीकडच्या काठावर उगवला, परत पडला.

"हा पिवळ्या टोपीवाला कोण रे? थोरल्या, तू का? अजून तसाच वेंधळा."

टीव्हीतून थोरल्याचा आवाज आला, "तो मी नाही, बाबा."

वायरमनचे हात थांबले. पिवळी टोपीही थांबली. त्याने अंगठा किंचित हलवला. टोपीने एक पाऊल टाकलं. त्याने धाकटीकडे पाहिलं, आणि रिमोट हळूच सतरंजीवर ठेवला.

"मला नको यात. तुमचा खेळ बिघडेल."

"बिघडू दे."

"पक्षीच बरा होता गं. कधी मेला नाही तो. वायर कापडामागे होती ना."

थोरल्याने तिकडून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"वायरमन आहे मी," तो म्हणाला.

मग पलीकडच्या काठावरून थोरल्याच्या माणसाने पाण्यात उडी टाकली, बुडाला, आणि अलीकडच्या काठावर पिवळ्या टोपीशेजारी येऊन उभा राहिला. पाठोपाठ धाकटीनेही टाकली. वायरमनने डोळे पुसले, रिमोट उचलला, ओठ चावला, खांदे वाकवले आणि थेट नदीत पडला.

"पुन्हा," थोरला म्हणाला.