वहीत न लिहिलेली घोंगडी

माझ्या अंगावर पित्त उठतं, त्याला आता दोन वर्षं होत आली. कधी दंडावर, कधी पोटावर, लाल चट्टे, हे एवढाले. खाज अशी की भाकरी थापता थापता हात कोपरापर्यंत पिठानं भरतो, तरी खाजवावंच लागतं. हिंगोलीच्या डॉक्टरीणबाईंनी रोजची एक गोळी दिली आणि वर एक काम लावलं. म्हणाल्या, "आजी, एक वही करा. काय खाल्लं, अंगाला काय लागलं, चट्टे कधी उठले, सगळं लिहा."

शाळेत मी कधी गेले न्हाई, अक्षरं लेकरांच्या पाटीवर शिकले. पण वही मन लावून लिहिली. वांग्याची भाजी. शेंगदाण्याची चटणी. नवा साबण. हळदीच्या पोत्याला हात लागला. एक घोंगडी तेवढी लिहिली न्हाई.

ती माझ्या मायची. माहेरी आमची मेंढरं होती, सिद्धेश्वर गावाच्या बाजूला. त्यांच्याच लोकरीचं सूत मायनं स्वतः कातलेलं. लहानपणीबी मला पित्त उठायचं. मग माय आमसुलाचं पाणी अंगाला चोळायची, घोंगडीत गुंडाळायची आणि म्हणायची, "गप पड. घोंगडीत पित्त मरतं." घोंगडी टोचायची, मी रडायचे. माय वरून हात ठेवून बसायची. मग ते टोचणंबी गोड लागायचं. माय जाऊन लई वर्षं झाली, पण पित्त उठलं की मी अजून तीच घोंगडी ओढायचे. डोळे मिटले की वर हात आहेच, असं वाटायचं. आता हे वहीत कसं लिहावं, तुमीच सांगा.

दुसऱ्या खेपेला डॉक्टरीणबाईंनी वही चाळली. तोवर मी वांगी सोडली होती, शेंगदाणे सोडले होते, तरी चट्टे होतेच.

"आजी, पांघरता काय?"

"चादर," मी म्हणले.

शेजारी सून होती. ती तिथं गप्प बसली. एसटीत बसल्यावर मात्र म्हणाली, "आत्या, खोटं काहून बोलल्या?"

"तू काहून गप्प बसली मग?"

"तुमची लाज राखली. वांगं बिचारं फुकट बदनाम झालं!"

दोघी हसलो. हसता हसताच मला रडू आलं. "घोंगडी सोडा म्हणतील गं," मी म्हणले. तिनं माझा हात धरला, तो पार घर येईपर्यंत सोडला न्हाई.

पुढच्या खेपेला मीच सगळं सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई रागावल्या न्हाईत. म्हणाल्या, "पित्ताचं कारण सापडेलच असं नाही, गोळी चालू ठेवा. पण लोकरीनं खाज वाढते, ती अंगावर नको. वांगी खुशाल खा."

घोंगडी उन्हात टाकली, घडी करून पेटीत ठेवली. चट्टे अजून अधूनमधून उठतात, पण पहिल्यासारखी आग न्हाई होत. चादर मऊ आहे. तिच्याखाली नुसतं पडल्यासारखं वाटतं, कुणी निजवल्यासारखं न्हाई.

परवा दुपारी दंडावर चट्टा उठला. घरात कुणी नव्हतं. पेटी उघडली. घोंगडी अंगावर घेतली न्हाई, खरं सांगते. नुसता एक कोपरा मुठीत धरला आणि डोळे मिटून बसले. मेंढरांचा वास तसाच होता. थोड्या वेळानं तळहात खाजायला लागला, तरी मूठ सोडवेना.

मग उठले, वही काढली आणि त्या दिवसाखाली लिहिलं: घोंगडी, एक कोपरा.