दोन फुटांचा चढ

गणिताच्या मास्तरकडं कसले किस्से, असं आमच्या सौ. म्हणतात. अहो, जामखेड तालुक्यातल्या शाळेत दहावीला 'रेषेचा चढ' शिकवून बघा, वह्या कमी पडतील!

*

आमची सुवर्णा व्हीलचेअरवर. वर्गाला चार पायऱ्या. शिपाई बापूमामा आणि मी रोज तिची खुर्ची उचलून वर न्यायचो. मामा लवकरच रिटायर होणार होते, आणि माझी कंबर ही अशी! पुढं कसं, याची मला खरंच काळजी लागली होती.

*

उभ्या रेषेचा चढ काढता येत नाही. "का?" मी विचारलं. मला 'शून्यानं भागता येत नाही' हे उत्तर हवं होतं.

सुवर्णा म्हणाली, "आपल्या पायरीवानी हाय सर. तिथं माझं गनितच संपतं!"

मधल्या सुट्टीत सगळी पोरं सरपंचांच्या दारात! आठवड्यात रॅम्पचं सिमेंट आलं.

*

गवंडी नानांना मी चिठ्ठी दिली, 'चढ १:१२'. रॅम्प तयार झाला, मी खूश! पोरींनी टेप लावला. उंची दोन फूट, आडवी लांबी बारा.

"सर, एकास सहा आला! खुर्ची मागं पळंल."

नाना भडकले, "बारा लिवलंय, बारा हाय. मोजा की!"

सुवर्णानं शांतपणे सांगितलं, "नाना, एक फूट चढायला बारा लागतात. आपल्याला दोन चढायचंत."

नानांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "फोडा! चोवीस करतो." छाती अशी फुगली माझी! चिठ्ठी अर्धवट लिहिणारा मास्तर मीच, हे तेवढं कुणी काढलं नाही.

*

तपासणीला साहेब आले. "चढ काढून आयुष्यात उपयोग काय?"

पोरं उठली. साहेबांना बाहेर नेलं आणि रॅम्पवर उभं केलं!

*

बापूमामा रिटायर झाले. शाल, नारळ, भाषणं, सगळं झालं. रॅम्प झाला तरी खुर्चीला मागून हात लावायला आम्ही दोघं रोज पायऱ्यांपाशी असायचोच. दुसऱ्या दिवशी घंटेला मामा सवयीनं तिथं हजर! मीही धावत पोचलो. खुर्ची कुठंच नाही.

"पोरगी आली न्हाई का वं सर?" मामांचा चेहरा उतरला.

आम्ही वर्गात गेलो. सुवर्णा फळ्यावर अक्ष काढत होती. तिनं वळून पाहिलं.

"मामा, आज लई लेट! सरबी लेट!"

मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली, आणि मागच्या बाकावर जाऊन बसले.