पोहला म्हणून नापास

मी रत्नागिरीच्या आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स करत होतो, तेव्हा राजापूरहून येणाऱ्या एसटीत तो मला एकदाच भेटला. पन्नाशीचा, आखूड दाढीचा, बोटीवर नोकरी केलेला माणूस. बसण्याआधी त्याने खिडकी सरकते का पाहिलं, संकटकाळी बाहेर पडायचा दरवाजा पाहिला, आणि मग पिशवी पोटाशी धरून स्वस्थ बसला.

युरोपात भर समुद्रात पवनचक्क्या उभारणाऱ्या जहाजावर तो होता. तिथे वायरमनही लागतात म्हणाला, तसा मी सावरून बसलो.

"पण चाचा, मला पोहता येत नाही. आमचं गाव घाटाच्या पायथ्याशी."

"मला येतं," तो शांतपणे म्हणाला. "म्हणून तर ट्रेनिंगला पहिल्यांदा नापास झालो."

लाइफ जॅकेट घालून सगळ्यांना तलावात उडी मारायला लावली होती. वर येताच हा खाडीतल्यासारखा काठाकडे सुटला. थंड समुद्रात हातपाय मारले की अंगातली ऊब जाते, म्हणून गुडघे पोटाशी घेऊन थांबायचं असतं.

"बापाने शिकवलेलं विसरायला मला तीन दिवस लागले. तुला विसरायचं काहीच नाही."

दोन वर्षांनी मीही तसल्याच तलावात उडी मारली. खाडीकाठचे दोघे सपासप पोहत निघाले आणि ट्रेनिंगचे साहेब त्यांच्यावर ओरडू लागले. मी गुडघे पोटाशी घेतले आणि एसटीत तो बसला होता तसा थांबून राहिलो.