भारत नावाची बांधी

आमच्या घरी सकाळी चहा पिता पिता कोणी विचारी, "आज कुठं?" आणि माझे सासरे शांतपणे सांगत, "आज जपानात निंदण. उद्या चीनचा धुरा बांधाचा हाय." लग्न होऊन आले त्या आठवड्यात मला वाटले, म्हाताऱ्याच्या डोक्यावर काही परिणाम झाला असावा. मग कळले की सिहोऱ्याच्या तलावाच्या पाळीखाली आमच्या ज्या धानाच्या बांध्या आहेत, त्यांची ही नावे. आमच्याकडे बांध घातलेल्या धानाच्या शेताला बांधी म्हणतात आणि त्या बांधाला धुरा. मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, बांध्यांना मात्र देशांची नावे होती. पाळीला लागून चीन, मग जपान, मग व्हिएतनाम आणि अगदी शेवटी, सडकेच्या कडेला, भारत.

या नावांमागे एक अपमान होता. तरुणपणी मामाजी भंडाऱ्याला शेतकऱ्यांच्या मेळाव्याला गेले होते. तिथे एका साहेबांनी सांगितले की धानाखाली जमीन आपल्या देशाची सगळ्यात जास्त, पण एकरी उताऱ्यात चीन, जपान आपल्या कितीतरी पुढे. "मले असी लाज वाटली जी," मामाजी सांगत, "येस्टीत खिडकीकडं तोंड करून बसलो." घरी आल्यावर त्यांनी सगळ्यात कसदार बांधीचे नाव चीन ठेवले आणि सगळ्यात मोठ्या, पण सगळ्यात कमी पिकणाऱ्या बांधीचे भारत. तलावाचे पाणी एका बांधीतून दुसरीत उतरत जाई, त्यामुळे भारताच्या वाट्याला ते शेवटी येई, आणि तेही उरलेसुरले. स्वतःच्या देशाला असे शेपटाशी का टाकले म्हणून मी एकदा छेडले, तर म्हणाले, "पाहुण्याच्या पानात आधी वाढा लागते, पोरी."

कापलेल्या धानाचे भारे रचून जी रास करतात तिला आमच्याकडे पुंजणा म्हणतात. मामाजींचे सगळे तत्त्वज्ञान त्यात होते: "पुंजणा नोको पाहू, बांधी पाह्य." म्हणजे रास केवढी यावर भाळू नका, ती केवढ्या जमिनीतून आली ते विचारा. हे वाक्य ते देशाला लावत आणि माणसांनाही. मी भंडाऱ्याच्या बाजारातली, पितळी भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी. चिखलात पाय घालायची मला किळस येई आणि माझ्या भाताचा रोज लगदा होई. सासूबाई एकदा सर्वांदेखत म्हणाल्या, "हिच्यापरीस शेजारची सून बरी." मामाजी जेवता जेवता थांबले. "ते तं शेतातच वाढली. हे कुठून आली अन् किती शिकली ते पाहाव ना!" त्या दिवशी मी तो लगदा पोटभर खाल्ला. सासरी आपल्या बाजूने एक माणूस आहे, एवढ्यावर बाईचा जीव रमतो.

मग भारतावर संकट आले. माझे भासरे, म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ, ती बांधी विकायचे म्हणू लागले. सडकेला लागून होती, गिऱ्हाईक तयार होते, आणि पिकत तर काही विशेष नव्हती. भासऱ्यांनी धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचे नाही, ही आमच्या घरची रीत. त्यामुळे हे सगळे मी स्वयंपाकघराच्या दाराआडून ऐकले. कुठून धीर आला कोण जाणे, मी दाराआडूनच म्हणाले, "मामाजी, एक हंगाम मले द्या." बचत गटात कृषी सहायकाने पट्टा पद्धत सांगितली होती. दोरी धरून ओळीत रोवायचे आणि काही ओळींनंतर एक मोकळा पट्टा सोडायचा, म्हणजे धानाला हवा-ऊन मिळते. भासरे हसले. मामाजी हसले नाहीत. "दिला," ते म्हणाले. "चीनच्या तोडीचा उतारा आला तं बांधी इकाची नाही. नाही आला तं मी आडवा येनार नाही."

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. अर्ध्या बांधीत माझे पट्टे असे सरळ उमटले की पाहतच राहावे. उरलेल्या अर्ध्याच्या ओळी झाल्या तेव्हा मी बायांसाठी चहा करायला घरी गेले. परत येते तो काय, त्या अर्ध्या भागात एकही पट्टा उरलेला नव्हता! रोवणाऱ्या बायांनी उरलेली रोपे घेऊन सगळी मोकळी जागा भरून टाकली होती, आणि वर कौतुकाची वाट पाहत उभ्या होत्या. "मालकाची बांधी उघडी दिसे, बाई," त्यांतली म्हातारी म्हणाली. "जानारा-येनारा म्हनन, यायले रोपं नाही पुरले काय? आपली आबरू हाय ना!"

मला रडू फुटले. मी ती रोपे उपटायला वाकले तेव्हा मामाजींनी माझा हात धरला. "उपटू नोको. जीव लावून रोवलं बायांनी. आता चीनकडं कायले पाहाचं? मुकाबला घरातच लागला." आणि त्यांनी सर्व बायांसोबत बांधावर बसून तो चहा प्यायला.

कापणीला त्यांनी एकच हुकूम केला, दोन्ही अर्ध्यांचे पुंजणे वेगळे रचायचे. दाट रोवलेल्या भागाचा पुंजणा नेहमीसारखाच झाला. पट्ट्यांचा पुंजणा मात्र एकरी हिशेबात चीनच्या तोडीला उभा राहिला. पूर्ण बांधीचा हिशेब धरला तर मी हरले होते, आणि ते मला कळत होते. मामाजी दिल्या शब्दाप्रमाणे आडवे आले नाहीत. भासरे दोन्ही पुंजण्यांभोवती फिरले, पुन्हा फिरले. मी समोर उभी होते, तरी ते वडिलांनाच म्हणाले, "बाबा, पुढच्या साली पुरी बांधी तसीच रोवाले सांगा." बांधी राहिली.

या हिवाळ्यात मामाजी अंथरुणाला खिळले. एक दिवस शेजारचे लोक मोबाइल नाचवत आले, "मामा, चीन हरला! धान पिकवन्यात आपला देश पयल्या नंबरवर!" मामाजींचा चेहरा उजळला. सर्वांसाठी चहा ठेवायला लावला, साखर जास्त घालायला सांगितली. मग हळूच विचारले, "अन् एकरी?" लोक पुन्हा मोबाइल चाळू लागले. ते हसले. "तं मंग काम बाकी हाय," म्हणाले.

थोड्याच दिवसांत ते गेले. तेरवी झाली, पाहुणे पांगले, घर ओसाड वाटू लागले. मला त्यांची फार आठवण येत होती. मुलगी म्हणून वागवणारे सासरे अनेकींना मिळत असतील. मला त्यांनी जमीन देऊन पाहिली, चुकू दिले आणि माझी बाजू घेताना खोटे मात्र कधी बोलले नाहीत.

उन्हाळी धानासाठी तलावाचे पाणी सुटले त्या सकाळी भासरे अंगणात येऊन उभे राहिले. घरात मी एकटीच होते. या माणसाने इतक्या वर्षांत बांध्यांना त्यांच्या नावाने कधी हाक मारली नव्हती आणि तो माझ्याशी समोरासमोर एक शब्दही बोलला नव्हता. ते माझ्याकडे पाहून म्हणाले, "बाई, चीनच्या बाजूनं नाली खोदून देतो. आज पाणी पयले भारतात नेऊ."

मी पदर खोचला, कोपऱ्यातले मामाजींचे फावडे उचलले आणि त्यांच्या मागे निघाले.